भोकं बुजवलेलं वाण

वणीजवळून, धोंड्याचा महिना सरायला सात दिवस बाकी

विहीणबाई झुंबरताई यांना चांगुणाबाईचा वाकून नमस्कार. पायाला हात लावते असं लिहिणार होते, पण तुमच्या पायाला सध्या कोणी हात लावू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय असं आमची आरोही म्हणाली, म्हणून लांबूनच. गुडघा कसा आहे? सूज उतरली का? ऑपरेशनचे टाके उसवले नाहीत ना? व्याह्यांचा खोकला काय म्हणतो? आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण पत्रात आधी ठीक आहे असंच लिहायचं असतं असं आमच्या शाळेत शिकवलं होतं, आणि मी चौथीपर्यंतच गेले, त्यामुळे तेवढं एकच ध्यानात राहिलंय.

फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझा आवाज चढतो. समोरच्याने नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी मला वाटतं तो भांडायलाच उठलाय, आणि मी आधीच सुरू होते. माफी मागायला फोन केला असता तर पाच मिनिटांत तुम्हालाच माफी मागायला लावली असती (नातवाच्या बारशाला असंच झालं होतं, पाळण्याच्या दोरीवरून. ते राहू द्या. दोरी मात्र आखूडच होती). व्हिडिओवर यायचं तर तोंड दाखवावं लागतं, ते सध्या दाखवण्यासारखं नाही. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलं तर आरोही ते घरच्या ग्रुपवर टाकणार आणि मालेगावपासून पुण्यापर्यंत सगळे चहा पीत माझी शरम ऐकणार. म्हणून आमच्या खंडेरावांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि बसले. तीन दिवस झाले. हा चौथा कागद आहे. पहिले तीन फाडले, कारण तिन्हींत मी निर्दोष निघत होते.

तर गोष्ट मुळापासून सांगते. धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांतून एकदा येतो, जावयाला बोलवायचं, धोंडे करून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर तांब्याचा दिवा, आणि ऐपतीप्रमाणे एखादी चांदीची वस्तू. गेल्या खेपेला आम्ही चांदीची वाटी दिली होती. तिचं पुढे काय झालं असं आरोहीला विचारलं तर म्हणाली, त्यात ते गाडीचे सुटे नट ठेवतात. (माझ्या जिवाला फार लागलं. आता वाटतं, माझ्या दोन वाणांपैकी निदान वाटी तरी कामाला आली.) म्हणून या खेपेला म्हटलं, आधीच विचारावं. अमोलरावांना तीनदा विचारलं, तीनदा ‘काही नको मामी’ म्हणाले. तुमचा मुलगा फार सरळ, विहीणबाई. इतकं सरळ असू नये. मग आरोहीने फोडलं की त्यांना गाडीच्या पोटाखाली बसवायच्या दोन लोखंडी प्लेटा पाहिजेत.

मी म्हटलं, पोटाखाली? तिथं कोण बघतंय? तेव्हा तिने समजावलं, आणि ते तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही गाडीत बसलात पण खाली वाकून कधी पाहिलं नसेल. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो आडवा दांडा असतो (एक्सल. मला आता सगळं पाठ झालंय), त्याच्या दोन्ही टोकांना खाली एकेक लोखंडी कान असतो. त्या कानात शॉकअपचं, म्हणजे खड्ड्यांचे धक्के खाणाऱ्या नळीचं, खालचं टोक बोल्टाने अडकवलेलं असतं. हा कान म्हणजे अख्ख्या गाडीत सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू. अमोलराव पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर सोलर पंप बसवायला जातात, तिथला रस्ता म्हणजे नुसता दगड, आणि दगड पहिला बसतो तो या कानावर. कान मोडला की शॉकअप लोंबकळतं आणि गाडी बसते. म्हणून कानाखाली जाड प्लेट घालायची, पुढून होडीसारखी वर वळवलेली, म्हणजे दगड लागला तरी गाडी त्याच्यावरून घसरत पुढे जाते. तिला स्किड प्लेट म्हणतात. कंपनी ती देत नाही, आपली आपण बाहेरून बसवून घ्यायची. म्हणजे जावई माझ्याकडे शौक मागत नव्हते. पोटापाण्याच्या गाडीला जोडा मागत होते. एवढं मला कळलं होतं, विहीणबाई. कळूनही पुढचं केलं.

आरोही म्हणाली, तयार मिळतात, मागवू या. मी म्हटलं, आपल्या गावात भिकन असताना परक्याच्या हातचं लोखंड वाणाला? भिकन म्हणजे आमच्या वेशीजवळचा वेल्डिंगवाला. गावातल्या निम्म्या कांदाचाळी त्याने उभ्या केल्यात, ट्रॉल्या, फाटकं, खिडक्या सगळं त्याचंच. मला मावशी म्हणतो. नातं काही नाही, पण त्याची आई गेली तेव्हा महिनाभर माझ्याकडे जेवला, तेव्हापासून म्हणतो. अमोलरावांनी त्याच्या मोबाइलवर फोटो आणि मापं पाठवली. दोन दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. प्लेटा कापल्या, वाकवल्या, घासल्या. कडेवरून हात फिरवला तर बाळाच्या टाळूसारखं लागत होतं. बघून माझा ऊर भरून आला. मग मी त्या उजेडात धरल्या, आणि पलीकडचं सगळं दिसलं. एकेका प्लेटेला पाच-पाच भोकं, अंगठा जाईल एवढाली.

मी म्हटलं, “भिकन्या, हे काय? उंदरांनी खाल्लं का?”

तो म्हणाला, “मावशी, ती पायजेतच. आत चिखल साचतो, तो खाली गळाय पायजे. आन्‌ शॉकअपचा बोल्ट आवळायला पान्हा कुठून घालणार?”

आता इथं माझी एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं हे तुम्हाला कळेल. माझ्या लग्नात माहेरहून जो हंडा आला त्याच्या बुडाला सुईएवढं भोक निघालं. पहिल्याच दिवशी ओट्यावर पाणी झालं. त्यावरून माझ्या सासूने मला अकरा वर्षं ऐकवलं. भात कच्चा राहिला तरी ‘हिच्या माहेरचं सगळंच गळकं’, मुलगी झाली तरी ‘गळकं’, तिला जुलाब झाले तेव्हा तर विचारूच नका. तेव्हा मी मनात गाठ बांधली होती की माझ्या लेकीच्या सासरी माझ्या हातून भोकाची वस्तू जाणार नाही. (तुम्ही तसल्या नाहीत हे मला माहीत आहे. बारशाची दोरी सोडली तर तुम्ही मला कधी एक शब्द बोललेल्या नाहीत. पण गाठ ती गाठ.) तर मी भिकनला म्हटलं, मी जावयाला वाण देतेय, चाळण देत नाही, बुजव सगळी. तो परत चिखलाचं सांगायला लागला. मी म्हटलं तू मला शिकवू नको, तुझं नाक मी पुसलंय. ते वाक्य मी काढलं की भिकन गप्प होतो. मला ते माहीत आहे, म्हणूनच मी ते काढते.

बुजवली त्याने. दहाच्या दहा. वरून घासून रंगही दिला. मग आमचं वाण झालं, तुम्हाला फोटो आलाच असेल. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, मध्ये दिवा, आणि बाजूला लाल कापडावर त्या दोन प्लेटा, हळदकुंकू लावून. शेजारची कुसाबाई म्हणाली, लोखंड वाणाला चालत नाही. मी म्हटलं जावयाला चालतंय ना, मग देवाला काय धाड भरली? अमोलराव खंडेरावांबरोबर द्राक्षाचा बाग बघायला गेले होते तेवढ्यात भिकनने प्लेटा गाडीला बसवल्यासुद्धा. मला वाटलं जेवायच्या आधी एकदम दाखवावं, तोंड कसं होतं ते बघू. दाखवलं. अमोलराव खाली वाकले, बुजवलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि जरा वेळ वाकलेलेच राहिले. मग उभे राहून म्हणाले, “मजबूत झालंय मामी.” आणि जेवायला बसले. धोंडे सात खाल्ले. मला काय ठाऊक की माणूस गप्प राहण्यासाठीही तोंड भरून ठेवतो.

पुढच्या रविवारी तुमच्या कुलदैवताला जायचं ठरलं. तिथं तुम्ही होतात, मी नव्हते, तरी मी सांगते, कारण तुम्ही वर बसलेल्या होतात आणि जे झालं ते खाली झालं. नांदगावकडचा तो माळ, आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून गेलेला, काळी माती. माती त्या प्लेटेत भरत गेली. भोकं असती तर गळून पडली असती. भोकं नव्हती. भरली, दाबली गेली, वर उन्हात गाडी उभी राहिली तेव्हा वाळून विटेसारखी झाली, आणि त्या विटेत एक दगड दातासारखा रुतून बसला. उतरताना तो दात खडकाला अडकला. आता नुसती बोल्टावर बसवलेली प्लेट असती तर बोल्ट तुटून प्लेट तेवढी पडली असती. पण ही वेल्डिंगने कानालाच चिकटवलेली. ती गेली ती कान उपटून घेऊन गेली. म्हणजे जो कान वाचवायला वाण दिलं, तोच कान वाणाने खाल्ला. (वेल्डिंग का केलं ते भिकनला माहीत. भोकं मी बुजवायला लावली हे मी कबूल करते, पण बोल्ट न लावता चिकटवून टाकायची घाई त्याची. ज्याची चूक त्याच्या पदरात.)

मग तुमची खाट. विहीणबाई, नव्या गुडघ्याने तुम्हाला तो उतार चालता येईना, म्हणून मळ्यातल्या चार माणसांनी खाट आणली, त्यावर तुम्हाला निजवलं आणि खांद्यावर घेतलं. ऊन लागू नये म्हणून आरोहीने तुमच्या अंगावर पांढरी चादर घातली, ती अक्कलसुद्धा माझ्याच पोटातून आली आहे. खालून येणाऱ्या एका माणसाने मोटारसायकल थांबवून टोपी काढली. दोघं-तिघं हात जोडून बांधाला उभे राहिले. एक म्हातारी तर हळूच पुढे येऊन म्हणाली, “कोणाची गं बाय? लय दिस आजारी होती का?” आणि तुम्ही चादर फेकून उठून बसलात आणि म्हणालात, “जिती हाय मी, वाट सोडा!” म्हातारीच्या डोक्यावरची पाटी खाली पडली.

हे मला आरोहीने फोनवर सांगितलं, आवाज काढून सांगितलं, आणि मी हसले. खोटं कशाला लिहू? पदर तोंडात कोंबून हसले, डोळ्यांतून पाणी आलं. तीही हसत होती. मग तिने सहजच विचारलं, “आई, ती भोकं कोणी बुजवली गं?” तिथं माझं हसू जे थांबलं ते अजून आलेलं नाही.

संध्याकाळी अमोलरावांनी भिकनच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. मला सुगावा लागला होता, मी आधीच त्याच्या दुकानात जाऊन बसले होते. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं. अमोलरावांनी तुटलेला कान दाखवला, आणि रागावले नाहीत, नुसतं विचारलं, “भिकनभाऊ, भोकं का बुजवली?” भिकनने तोंड उघडायच्या आत मी मधे तोंड घातलं. म्हटलं, “मी सांगत होते त्याला, नको बुजवू म्हणून. ऐकतो कुठं हा?” दुकानात सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मग भिकनकडे. भिकननेही माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला रागाला उत्तर देता येतं. तसं नाही बघितलं. मग मोबाइलकडे वाकला आणि म्हणाला, “चुकलं दाजी.”

एवढंच. त्याने गॉगल डोळ्यावर ओढला आणि कामाला लागला. हातात काहीच काम नव्हतं, एका रिकाम्या अँगलवर ठिणग्या पाडत बसला होता.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. चार गिऱ्हाइकं होती ना तिथं. ‘गावच्या जावयाची गाडी मोडली तो भिकन.’ सोसायटीच्या गोदामाच्या जाळ्या आणि शटर त्याला मिळणार होते, बोलणं झालेलं होतं, ते आता बाहेरच्या माणसाकडे चाललंय. अजून पक्कं झालेलं नाही, आमच्या बाजाराच्या दिवशी बैठक आहे तेव्हा ठरेल. त्याने तेवढ्यासाठी नवं मशीन आणलंय, ते दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत तसंच आहे. मी रोज तिथून जाते, कारण दळणाचा रस्ता तोच. (दुसऱ्या रस्त्याने जाऊन पाहिलं. लांब पडतो आणि तिकडे कुत्री आहेत.) आणि रोज तो म्हणतो, “मावशी, पाणी घेता का?” ऊन आहे म्हणून विचारतो. ते पाणी मला विषासारखं लागतं, तरी पिते, नाही म्हटलं तर तो विचारेल का नाही म्हणून.

आमच्या खंडेरावांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं नवरा आहे, बाजू घेईल. ते पेपर खाली न करता म्हणाले, “बोललीस ना? मग निस्तर.” तीस वर्षांत त्यांनी मला दिलेला हा सगळ्यात मोठा सल्ला. आणि काल कुसाबाई ताक घ्यायला आली. तिला खरं माहीत नाही, ती आपली भिकनच्याच नावाने बोटं मोडत होती. बोलता बोलता म्हणाली, “तरी मी म्हणतच होते, धोंड्याचं वाण जाळीचंच पायजे. अनारसा जाळीचा, बत्तासा जाळीचा. त्या मेल्याने भोकं बुजवून वाणाची माती केली.”

विहीणबाई, माझ्या हातातली ताकाची वाटी तशीच राहिली. कारण अख्ख्या गावात अनारशांना मला बोलावतात. गूळ किती, पीठ किती दिवस मुरवायचं, खसखस कुठल्या अंगाला, तूप किती तापलं, हे सगळं मी चुलीपाशी नुसतं उभं राहून सांगते. कोणाचा अनारसा हसून तुपात विरघळला की मला हाक येते. आणि जाळी पडली नाही तर तो वाणात जाऊच देत नाही मी, सरळ बाजूला काढते, हा बंद अनारसा आहे म्हणते, पोरांना द्या. तीच मी. तेहतीस अनारशांची जाळी उजेडात धरून धरून तपासली, आणि शेजारी ठेवलेल्या लोखंडाची जाळी स्वतःच्या तोंडाने बुजवायला लावली. सासूने मला अकरा वर्षं एका भोकावरून छळलं. आता मी दहा बुजवलेल्या भोकांवरून एका गरिबाला छळतेय. त्या म्हातारीला जाऊन किती वर्षं झाली, पण तिचं तोंड माझ्या तोंडात कसं आलं ते मला कळत नाही.

तर असं आहे. तुमच्या गुडघ्याची, तुमच्या साडीची (मीच दिलेली, तिच्या काठाला ग्रीस लागलंय असं कळलं, रॉकेलने जातं), त्या चादरीची आणि त्या नमस्कारांची मी तुमच्यापुढे कान धरून माफी मागते. अमोलराव अवजारांची पिशवी घेऊन एसटीने पाड्यांवर जातात असं आरोही म्हणाली. उन्हातान्हात. ते ऐकल्यापासून मला धोंडे गिळवत नाहीत, आणि अजून एक घमेलंभर पुरण उरलंय.

सोबत अनारशांचा डबा आहे. खंडेराव घेऊन येतायत. त्यांना काही विचारू नका, त्यांना सगळं माहीत आहे आणि ते काही बोलणार नाहीत. नातवाचा पापा घ्या. व्याह्यांना खोकल्यासाठी अडुळशाचा काढा द्या, आणि औषध म्हणून देऊ नका, चहा म्हणून द्या.

तुमची गुन्हेगार,
चांगुणा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, लाजेने पुढे ढकलत होते. अमोलरावांना तुम्ही सांगा की भोकं मी बुजवायला लावली. मला त्यांच्यासमोर तोंड नाही, आणि जावयाची माफी सासूने कशी मागायची हे मला कोणी शिकवलेलं नाही. आणि गाडी नाशकात कुठं देऊ नका. गॅरेजवाला म्हणतोय की तो कान कंपनीतून यायला महिना लागेल. पुढच्या महिन्यात पाऊस लागेल, मग पाड्यांवर कोण जाऊ शकतंय? भिकनने कान बनवून ठेवलाय. कोणी सांगितलं नव्हतं. मी परवा पाणी प्यायले तेव्हा त्याच्या फळीवर दिसला, वर कापड टाकलेलं. मागचं शॉकअप तारेने बांधून गाडी हळूहळू चालते असं आरोही म्हणाली. तर तशीच आमच्याकडे आणा. आमच्या बाजाराच्या दिवशी आणा, सकाळी, बैठकीच्या आधी. सगळ्यांच्या देखत गाडी भिकनच्या दारात उभी राहू दे आणि सगळ्यांच्या देखत जावयाने तिचं काम त्याच्याकडे करून घेऊ दे. धोंड्याचा महिना अजून सात दिवस आहे, वाण पुन्हा देता येतं की नाही ते कुसाबाईला विचारणार नाही. मी देणार. भोकांचं.

ता. क. दुसरा. वर मी वेल्डिंग भिकनच्या पदरात टाकलंय. हे पान फाडायचं तर पाचवा कागद घ्यावा लागेल, आणि खंडेराव निघालेत. ते वेल्डिंगही माझंच. भिकन म्हणाला होता, योग्य मापाचे बोल्ट वणीहून आणतो, तासभर थांबा. इकडे धोंडे वाफवून झालेले, बागेतून माणसं परत यायची वेळ झालेली. मी म्हटलं, चिकटव. तो म्हणाला, “मावशी, चिकटवलं तर प्लेट एकटी तुटणार नाय, कान घेऊन जाईल.” अगदी असंच म्हणाला. मी म्हटलं, धोंडे गार होतायत, चिकटव म्हणते ना. तेव्हा ज्याची चूक त्याच्या पदरात हे वाक्य राहू द्या, फक्त पदर बदला. आणि आता हेही लिहिते की पाळण्याची दोरी आखूड नव्हती. मीच ती वेढा जास्त मारून बांधली होती.

ता. क. शेवटचा. खंडेराव पायात चपला घालून दारात उभे आहेत, पण हे लिहिल्याशिवाय डबा बंद होत नाही. डब्यात तेहतीस नाहीत, बत्तीस आहेत. मोजाल म्हणून आधीच सांगते. एक घेऊन मी आत्ता भिकनच्या दुकानात जाऊन आले. चार गिऱ्हाइकं होती, मुद्दाम ती असतानाच गेले. म्हटलं, भोकं मी बुजवायला लावली आणि वेल्डिंगही मीच करायला लावलं, सगळ्यांनी ऐका आणि गावभर सांगा, पहिलं तर सांगितलंतच. आवाज चढलाच माझा, माफी मागतानासुद्धा. मग अनारसा त्याच्या हातावर ठेवला. त्याने गॉगल वर केला, अनारसा उन्हात धरला, एक डोळा मिटून जाळीतून माझ्याकडे बघितलं, आणि एकदम गंभीर तोंड करून विचारलं, “मावशी, बुजवून देऊ का?”